स्लीपिंग बॅग: धुवायची कशी, वाळवायची कशी, पावसाळ्यात ठेवायची कुठे

मे महिन्यात सारपासचा ट्रेक करून घरी आलो, तेव्हा माझ्या पहिल्या पिसांच्या स्लीपिंग बॅगेला घामाचा आणि धुराचा वास येत होता. त्याच आठवड्यात ती धुतली. दोन दिवस गॅलरीत दोरीवर टाकली, वरून हाताला कोरडी लागली, म्हणून तिच्यासोबत आलेल्या छोट्या सॅकमध्ये कोंबून माळ्यावर ठेवून दिली. मग पाऊस सुरू झाला. दिवाळीनंतर सॅक उघडली, तर आधी कुबट वास आला आणि मग पायाकडच्या कप्प्यांत लिंबाएवढ्या घट्ट गाठी हाताला लागल्या. आतल्या कापडावर काळे ठिपके पडले होते. ती बॅग पुन्हा कधीच पूर्वीसारखी फुगली नाही. डिसेंबरात केदारकंठाच्या कॅम्पवर तिच्यात रात्रभर कुडकुडलो, अंगावर जॅकेट घालून.

त्यानंतर माझ्या आणि मित्रांच्या बऱ्याच बॅगा मी धुतल्या. नव्याने ट्रेक करू लागलेली मुलं-मुली विचारतात तेव्हा लक्षात येतं, की चुका सगळ्यांच्या त्याच होतात आणि बहुतेक धुताना होत नाहीत, त्यानंतर होतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. आपल्याला उबदार ठेवते ती बॅगेत अडकलेली हवा. पिसं किंवा धागे त्या हवेला जागेवर धरून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. पिसांच्या बॅगेवर ६००, ७००, ८०० असा आकडा असतो, त्याला फिल पॉवर म्हणतात. ६०० म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं मोकळी फुगली की ६०० घन इंच जागा व्यापतात. लिटरमध्ये सांगायचं तर जवळजवळ पावणेदहा लिटर. मूठभर पिसांत साधारण अर्धी बादली हवा मावते! तीच पिसं ओली होऊन एकमेकांना चिकटली की त्यांची सुपारीएवढी गाठ होते आणि हवा नाहीशी होते. बॅगेवर छापलेलं उणे पाच, उणे दहा हे तापमान नव्या, पूर्ण फुगलेल्या बॅगेचं असतं. फुगवटा गेला की त्या आकड्यावर विसंबू नका.

१. बॅगेत काय भरलंय ते आधी बघा

आतल्या बाजूला, बहुधा शिवणीत, एक लेबल असतं. त्यावर 'डाऊन' लिहिलं असेल तर आत बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं आहेत. 'पॉलिएस्टर', 'हॉलो फायबर' असं काही असेल तर बॅग सिंथेटिक आहे. लेबल फाटलं असेल तर चिमटीत धरून बघा. पिसांची बॅग हाताला अगदी हलकी लागते, मधूनच पिसाची बारीक काडी बोटाला टोचते आणि कप्प्यातला माल इकडून तिकडे सरकतो. सिंथेटिक बॅगेत रजईसारखा एकसंध थर लागतो.

सह्याद्रीत वापरायला आपण सहसा घेतो त्या बॅगा सिंथेटिकच असतात. त्या धुवायला सोप्या आणि चुका सहन करणाऱ्या. खालची जास्त काळजी पिसांच्या बॅगेसाठी आहे. सिंथेटिकसाठी वेगळं काही असेल तिथे तसं सांगतो.

२. खरंच धुवायची गरज आहे का?

प्रत्येक ट्रेकनंतर बॅग धुवायची नसते. पाण्यात घातली की थोडी झीज होतेच. वर्षात दोन-तीन ट्रेक करणाऱ्याला दोन वर्षांतून एकदा धुणं पुरतं. दर शनिवार-रविवार गडावर मुक्काम करत असाल तर वर्षातून एकदा.

बॅग पलंगावर उलगडा, झटका आणि दोन-तीन तास तशीच राहू द्या. मग बघा: ती सगळीकडे सारखी फुगली का? खिडकीसमोर धरल्यावर काही कप्पे रिकामे आणि मधे काळपट गाठी दिसतात का? डोक्याकडचा भाग तेलकट होऊन चपटा पडलाय का? या खुणा दिसल्या तर धुवा. नुसता वास येत असेल तर दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर, उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, टाका. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

डाग एकाच ठिकाणी असेल तर तेवढाच धुवा. त्या जागचं वरचं कापड चिमटीत उचलून आतली पिसं बाजूला सारायची, मऊ टूथब्रश आणि थोड्या सौम्य लिक्विडने डाग घासायचा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. पिसं कोरडीच राहतात. डोक्याकडच्या भागासाठी मी नेहमी हेच करतो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त मळतो तो तोच भाग आणि त्याचं कारण आहे खोबरेल तेल.

३. दिवस नीट निवडा

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे असं मला वाटतं. हिमालयातले उन्हाळी ट्रेक मे आणि जूनमध्ये होतात. आपण दमून, मळून घरी येतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस दारात उभा असतो. मळलेली बॅग बघवत नाही, म्हणून आपण ती लगेच धुतो. आणि तिथेच सगळं बिघडतं. पावसाळी हवेत पिसांची बॅग पंख्याखाली आठवडाभर ठेवली तरी आतून वाळत नाही.

जूनमध्ये परत आलात तर धुऊ नका. डाग पुसा, बॅग उलटी करून दोन दिवस पंख्याखाली ठेवा, चांगली कोरडी करा आणि मोकळी ठेवून द्या. धुणं ऑक्टोबरवर ढकला. पूर्वी घरोघरी घटस्थापनेच्या आधी गोधड्या आणि पांघरुणं धुऊन निघायची, त्यामागे हेच शहाणपण होतं: पाऊस सरत आलेला, ऊन कडक आणि थंडीला अजून वेळ. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात धुतलेली बॅग डिसेंबरच्या ट्रेकला अगदी तयार असते. दुसरा चांगला काळ म्हणजे मार्च ते मेचा पहिला पंधरवडा. मुंबई-कोकणात हवा दमट, त्यामुळे तिथे पुणे-नाशिकपेक्षा दीड-दोन दिवस जास्त धरा. ज्यांच्याजवळ कपडे वाळवायचं मशीन आहे, त्यांना अर्थात हे बंधन नाही. परदेशात राहणाऱ्यांना तर कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत मोठे ड्रायर सहज मिळतात.

पुढचे तीन-चार दिवस घरी कोणीतरी असेल याचीही खात्री करा. बॅग वाळत घालून ऑफिसच्या दौऱ्यावर निघून जाता येत नाही.

४. हे सामान आधी जमवा

- पिसांसाठीचं खास लिक्विड. निकवॅक्स डाऊन वॉश किंवा ग्रेंजर्स डाऊन वॉश ऑनलाइन मिळतं. माप बाटलीवर लिहिलेलं असतं, त्यापेक्षा जास्त घेऊ नका.
- सिंथेटिक बॅग असेल तर लोकरीच्या कपड्यांचं साधं सौम्य लिक्विड, इझीसारखं, चालतं.
- कपडे भिजवायचा मोठा टब. बाळाची आंघोळ घालायचा मोठा टबही चालतो.
- जुना टूथब्रश, तीन-चार जाड टॉवेल, एक-दोन जुन्या सुती चादरी.
- सामान मोजायचा हुकाचा वजनकाटा. याचा उपयोग पुढे सांगतो.
- ड्रायर वापरणार असाल तर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल.

या गोष्टी मात्र जवळ आणू नका: कपड्यांची पावडर, ब्लीच, कपडे मऊ करायचं कंडिशनर. पिसांवर नैसर्गिक तेलाचा अगदी पातळ थर असतो, त्यामुळे ती लवचिक राहतात आणि दाबून सोडली की पुन्हा उघडतात. कडक डिटर्जंट तो थर धुऊन नेतं. कंडिशनर पिसांवर चिकट थर चढवतं.

ड्रायक्लीनिंगचंही तसंच. एका मित्राने त्याची चांगली बॅग ओळखीच्या लॉन्ड्रीत टाकली, सोबत 'पिसांची आहे' असं सांगितलंही होतं. परत आली ती इस्त्री केल्यासारखी चपटी आणि रॉकेलसारखा वास मारणारी. ड्रायक्लीनिंगचं रसायन पिसांवरचं तेल काढून टाकतं. कोणी कितीही खात्री दिली तरी पिसांची बॅग ड्रायक्लीनिंगला देऊ नका.

पाण्याबद्दलही थोडं सांगतो. बोअरच्या जड पाण्यात लिक्विड नीट निघत नाही. शेवटची दोन-तीन पाणी तरी नळाच्या गोड्या पाण्याने काढा.

५. भिजवण्याआधी

बॅग कोरडी असतानाच काट्यावर वजन करा आणि कागदावर लिहून ठेवा. खिसे तपासा: चिक्कीचा तुकडा, टॉर्चचे सेल, लिप बाम काहीही निघतं. चेनच्या दात्यांमधली माती ब्रशने काढा.

मग एकेक कप्पा बघत फाटलंय का ते तपासा. शेकोटीच्या ठिणगीने पडलेलं बारीक भोकही पाण्यात मोठं होतं आणि पिसं बाहेर येतात. भोकावर नायलॉनची चिकटपट्टी लावा, आतून-बाहेरून, कोपरे गोल कापून. सुईदोऱ्याने शिवू नका, प्रत्येक टाक्याचं भोक म्हणजे पिसांना बाहेर यायला नवी वाट. पीस बाहेर डोकावत असेल तर ओढू नका. मागच्या बाजूने चिमटीत धरून ते आत खेचून घ्या.

६. धुणं

हाताने धुणं मला जास्त भरवशाचं वाटतं, म्हणून आधी तेच सांगतो.

टब आधी साध्या पाण्याने खळखळून घ्या, जुन्या पावडरीचा अंश राहू देऊ नका. पाणी कोमट, साधारण ३० अंश, म्हणजे हात घातला तर गरमही नाही आणि गारही नाही. त्यात मोजून लिक्विड घाला. आता नवशिक्यांची पहिली अडचण इथे येते. बॅगेचं कापड इतकं घट्ट विणलेलं असतं की पिसं बाहेर येऊ नयेत, तशी आतली हवाही पटकन निघत नाही. बॅग पाण्यावर फुग्यासारखी तरंगते. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर येते. यावर उपाय सोपा आहे: बॅग उलटी करून तिच्या छोट्या सॅकमध्ये कोंबा, ती सॅकच पाण्याखाली धरा आणि पाण्याच्या आतच हळूहळू बॅग बाहेर काढा. हवा शिरायला वेळच मिळत नाही, बॅग लगेच भिजते.

अर्धा-पाऊण तास भिजू द्या. मग तळव्याने दाबत जा, कणीक तिंबतो तसं, पण हलक्या हाताने. घासू नका, आपटू नका. डोक्याकडचा आणि पायाकडचा भाग जास्त वेळ दाबा. पाणी चहासारखं तपकिरी होतं, घाबरू नका. ओल्या पिसांना कोंबडीसारखा वास येतो, तोही वाळल्यावर जातो.

पहिलं पाणी काढताना बॅग उचलू नका. टब तिरपा करून पाणी सोडा आणि बॅग टबाच्या एका कडेला दाबून धरा. ओली बॅग कित्येक पट जड होते. एका टोकाने उचलली तर सगळी पिसं आणि सगळं पाणी खाली धावतं आणि कप्प्यांमधले आतले नाजूक पडदे फाटतात. ते पडदे एकदा फाटले की दुरुस्ती जवळजवळ अशक्य. उचलायचीच असेल तर झोपलेल्या बाळाला उचलतो तसे दोन्ही हात खालून घालून, सगळी एकदम.

मग साधं पाणी. चार वेळा, पाच वेळा, लागलं तर सहा वेळा. स्वच्छ पाण्यात बॅग दाबल्यावर फेस अजिबात दिसला नाही तरच थांबा. लिक्विडचा अंश आत राहिला तर पिसं वाळल्यावरही चिकटून राहतात. कंटाळून तिसऱ्या पाण्याला सोडून देणारे खूप जण बघितलेत.

मशीनमध्ये धुणार असाल तर मशीन समोरून दार असलेलंच हवं आणि बॅगेला आत फिरायला जागा हवी. वरून झाकण असलेल्या मशीनमधली फिरकी बॅगेला पिळा घालते. चेन पूर्ण लावा, बॅग उलटी करा, पावडरीचा कप्पा धुऊन घ्या, नाजूक कपड्यांचं सेटिंग, ३० अंश, जास्तीची दोन पाणी आणि पिळण्याचा वेग अगदी कमी. सेमी-ऑटोमॅटिकच्या उभ्या ड्रायरमध्ये बॅग कोंबू नका.

७. पाणी काढणं

पिळू नका. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. टबाच्या कडेला बॅग दाबून जेवढं पाणी निघेल तेवढं काढा. मग फरशीवर टॉवेल पसरा, त्यावर बॅग, वरून दुसरा टॉवेल आणि सगळं मिळून सैल गुंडाळी करून गुडघ्याने हलकेच दाबा. टॉवेल बदलून पुन्हा. तीन वेळा असं केलं तर वाळवण्याचा निदान अर्धा दिवस वाचतो.

८. वाळवणं

सगळं इथे ठरतं.

दोरीवर एका ठिकाणी लटकवून बॅग वाळत घालू नका, सगळा माल खाली उतरतो. आडवी पसरायला हवी आणि खालूनही वारा लागायला हवा. यासाठी पट्ट्यांची बाज हे सर्वांत उत्तम साधन. आमच्या गच्चीवर एक जुनी बाज आहे, तिच्यावर सुती चादर टाकून त्यावर बॅग पसरतो. बाज नसेल तर कपडे वाळवायचा घडीचा स्टँड उघडा, किंवा शेजारी-शेजारी चार दोऱ्या बांधून त्यांच्यावर आडवी ठेवा. चेन पूर्ण उघडी.

जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. दिवसभराचं कडक ऊन नायलॉनचं कापड हळूहळू कुजवतं, ते दोन-तीन वर्षांनी कळतं. एप्रिलमधल्या गच्चीच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नको. कोवळं ऊन तासभर लागलं तर हरकत नाही. वरून पातळ चादर टाका, कारण कबुतरं.

पहिल्या दिवशी गाठी फोडायच्या मागे लागू नका. ओलीचिंब पिसं ओढली तर तुटतात. दर दोन तासांनी फक्त बाजू पालटा, एकदा आतली बाजू बाहेर, एकदा बाहेरची. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या आणि पंख्याखाली पसरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरचं कापड कोरडं लागतं. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. कापड कोरडं झालं म्हणजे पिसं वाळली असं मुळीच नाही. घट्ट विणीमुळे आतली ओल सर्वांत शेवटी निघते. आता गाठी मोकळ्या करायला बसा. ही गोष्ट मी माझ्या आईकडून शिकलो. तिला सावरीच्या कापसाच्या उशा मोकळ्या करायची सवय. ती बॅग मांडीवर घेऊन बसली, एक गाठ कापडावरूनच दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि ओढायच्या ऐवजी बोटांमध्ये चोळत राहिली, वात वळतो तशी. मिनिटभरात ती गाठ बोटांखाली विरघळल्यासारखी झाली आणि कप्पा थोडा वर आला. मग शेजारची गाठ. मी तोवर जोर लावून गाठी तोडत होतो. एका बॅगेला असे दोन-तीन तास लागतात, तेही एका बैठकीत होत नाही. एक फेरी दुसऱ्या दिवशी, एक तिसऱ्या दिवशी, मधे बॅग झटकत राहायचं. घरातले चार जण गप्पा मारत बसले तर काम लवकर होतं.

माझ्या अनुभवात पुण्याच्या एप्रिलमध्ये पिसांची बॅग अडीच ते तीन दिवसांत पूर्ण वाळते. सिंथेटिकला एक दिवस, फार तर दीड.

ड्रायर असेल तर वेळ वाचतो. आता बऱ्याच शहरांत पैसे भरून मोठं मशीन आपण स्वतः चालवायची लॉन्ड्री मिळते, तिथेही हे जमतं. आधी ड्रमच्या आत हात फिरवून धारदार काही नाही ना ते बघा. उष्णता सर्वांत कमी ठेवा, जास्त तापलं तर नायलॉन वितळून आक्रसतं. सोबत टेनिस बॉल टाका, ते आपटून गाठी फोडतात. नव्या बॉलचा रंग जातो, म्हणून जुन्या पांढऱ्या मोज्यात घालून वर गाठ मारा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवून हाताने तपासा. पूर्ण वाळायला तीन ते पाच तास लागतात, हे लक्षात घेऊनच जा. केसांचा ड्रायर, इस्त्री, रूम हीटर यांचा विचारही करू नका.

९. वाळली हे ओळखायचं कसं

तीन कसोट्या लावा. खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरा: काळपट ठिपक्यांसारख्या गाठी दिसता कामा नयेत. नाक लावून बघा: ओल्या पिसांचा वास पूर्ण गेलेला हवा. आणि वजन करा. धुण्याआधी कागदावर लिहिलेला आकडा आठवतोय ना? बॅग १२५० ग्रॅम होती आणि आता १३५० भरते, तर ते जास्तीचे १०० ग्रॅम पाणी आहे, वरून कितीही कोरडी लागू दे. पुन्हा पसरा. वजनाची ही युक्ती मला फार उशिरा सुचली, नाहीतर पहिली बॅग वाचली असती.

तिन्ही जमल्यावरही एक दिवस आणखी ठेवा.

धुतल्यावर कापडावर पाणी टाकलं आणि थेंब घरंगळून न जाता मुरला, तर पाणी न धरण्यासाठीचा स्प्रे मिळतो तो बाहेरच्या बाजूने मारून घ्या. चेन जड जात असेल तर साध्या मेणबत्तीचा तुकडा दात्यांवरून फिरवा.

१०. घरात ठेवणं

बॅगेसोबत येणारी छोटी सॅक फक्त प्रवासापुरती असते. घरी महिनोन्महिने तिच्यात कोंबून ठेवलं की पिसं दबून राहतात, आणि सिंथेटिक बॅगेचं तर त्याहून जास्त नुकसान होतं, कारण तिचे धागे एकदा मोडले की पुन्हा ताठ होत नाहीत. सिंथेटिकला काही होत नाही असं समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मोठी सुती पिशवी हवी. काही बॅगांबरोबर जाळीची किंवा कापडी मोठी पिशवी येते, नसेल तर गादीची जुनी खोळ, रजईचा अभ्रा किंवा घरीच शिवलेली चादरीची पिशवी. बॅग तिच्यात सैल सोडायची, वरून हात टाकला तर मऊ उशीसारखी लागली पाहिजे. प्लॅस्टिकची पिशवी नको, हवा काढून चपटी करायची पिशवी तर नकोच.

मुंबईच्या घरात एवढी जागा कुठे, हा प्रश्न मला नेहमी येतो. कपाटात हँगरवर दुमडून टांगता येते. पलंगाच्या बॉक्समध्ये ठेवा, पण वर गाद्या रचू नका. कपाटाच्या डोक्यावर, सुती पिशवीत, हीसुद्धा बरी जागा. टाळायच्या जागा म्हणजे बाथरूमला लागून असलेली भिंत, पावसाळ्यात ओल येणारा माळा आणि गाडीची डिकी.

पावसाळ्याचे चार महिने खरे कठीण. पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. दर दोन-तीन आठवड्यांनी, ऊन पडलेला दिवस बघून, बॅग बाहेर काढून दुपारभर पंख्याखाली पसरा आणि झटकून परत ठेवा. मी मोबाइलमध्ये दर दुसऱ्या रविवारची आठवण लावून ठेवली आहे. डांबरगोळ्या मी वापरत नाही, त्यांचा वास पिसांत इतका मुरतो की तंबूत डोकं दुखतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला पातळ फडक्यात बांधून पिशवीत ठेवतो. आणि खाऊचा कण राहिला असेल तर उंदीर बॅग कुरतडतो, म्हणून खिसे पुन्हा एकदा तपासा.

११. ट्रेकवर सांभाळलीत तर धुणं लांबतं

सर्वांत मोठा फरक लायनरने, म्हणजे बॅगेच्या आत घालायच्या पातळ कापडी पिशवीने पडतो. विकतचे मिळतात, पण जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखा लायनर नाही. पाचवारीतून साडेचार मीटर कापड घ्या, मधोमध दुमडा, दोन्ही कडा शिवा, वरचं तोंड मोकळं. सव्वादोन मीटर लांब पिशवी तयार. घाम, तेल, माती सगळं तिच्यात राहतं आणि घरी आल्यावर ती नेहमीच्या कपड्यांबरोबर धुता येते. भाड्याच्या बॅगेत झोपायचं असेल तर हा लायनर नेलाच पाहिजे.

रात्री डोक्याला सुती रुमाल किंवा माकडटोपी, पायात कोरडे धुतलेले मोजे. सनस्क्रीन आणि डास न चावण्याचं मलम पुसून मगच आत शिरा. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नका: श्वासाची वाफ पिसांत मुरते आणि चौथ्या-पाचव्या रात्री बॅग थंड का लागते ते कळत नाही. सकाळी उठल्या-उठल्या बॅग गुंडाळू नका. उलटी करून तंबूवर टाका, चहा-नाश्ता होईपर्यंत वारा लागू द्या.

गडावर देवळात किंवा गुहेत झोपलात तर खाली मोठी शीट आणि कॅरीमॅट हवीच. राजगडाच्या पद्मावती मंदिरात किंवा हरिश्चंद्रगडाच्या गुहांत मुक्काम केलेल्यांना तिथली बारीक धूळ माहीत असेल. काही ठिकाणी पिसवाही असतात. घरी आल्यावर बॅग थेट कपाटात न नेता गच्चीवर उलटी करून जोरात झटका आणि तासभर उन्हात ठेवा, आत कीटकनाशक फवारू नका. शेकोटीजवळ बॅग पांघरून बसू नका, एक ठिणगी पुरते.

भरताना घडी घालू नका, गुंडाळीही नको. पायाकडून सुरुवात करून मुठीमुठीने सॅकमध्ये कोंबत जा, म्हणजे हवा डोक्याकडच्या तोंडातून निघत जाते आणि दर वेळी त्याच रेषेवर मोड पडत नाही. ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी बॅग पिशवीतून काढून पसरा, चेन खालपर्यंत चालवून बघा आणि निघायच्या दिवशीच सॅकमध्ये भरा. कॅम्पवर पोचलात की तंबू लागल्याबरोबर आधी तीच बाहेर काढून दोनदा झटका. जेवण होईपर्यंत फुगून तयार असते.